गाडीत जीपीएस हवा, पण खिसा सांभाळून

ॲक्सेसरीच्या दुकानात जाऊन "गाडीला जीपीएस लावायचाय" म्हटलं, की दुकानदार तीन वेगवेगळ्या वस्तू काउंटरवर ठेवू शकतो. पहिली म्हणजे काचेला चिकटवायचं, फक्त रस्ता दाखवणारं छोटं यंत्र. दुसरी, डॅशबोर्डात बसणारा अँड्रॉइड स्टिरिओ. तिसरी, आत सिमकार्ड असलेली छोटी डबी, म्हणजे ट्रॅकर. ऑनलाइन शोधलं तर सगळ्यात स्वस्त दिसतो तो हा ट्रॅकरच, आणि तिथेच लोक फसतात. ट्रॅकर तुम्हाला रस्ता दाखवत नाही. तुमची गाडी कुठे आहे एवढंच तो मोबाइलवर कळवतो, आणि बहुतेक ट्रॅकरना दरवर्षी रिचार्ज लागतो. ड्रायव्हरकडे गाडी सोपवणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. कोल्हापूरहून मालवणला जायचा रस्ता हवा असेल, तर तो काही कामाचा नाही.

पहिली पायरी: घरातला जुना फोन बाहेर काढा

माझं मत आधीच सांगतो. कपाटात चालू स्थितीतला जुना स्मार्टफोन पडून असेल, तर रस्ता दाखवणारं वेगळं यंत्र विकत घेण्यात अर्थ नाही. पैसे घालायचेच तर होल्डर, चार्जर आणि केबलवर घाला.

जीपीएसला इंटरनेट लागतं असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संकेत पाठवत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. त्यासाठी ना सिम लागतं, ना डेटा पॅक. इंटरनेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि ट्रॅफिक कळायला. त्यामुळे जुना फोन असा तपासा: उघड्या आकाशाखाली उभे राहा, फ्लाइट मोड चालू करा, लोकेशन चालू ठेवा आणि 'जीपीएसटेस्ट' हे फुकट ॲप उघडा. कोणते उपग्रह दिसतायत आणि प्रत्येकाचा संकेत किती जोराचा आहे, याची यादी समोर येते. थोड्या वेळात जागा पक्की झाली, तर फोन कामाचा आहे.

इथे थोडा धीर धरा. नेट चालू असताना उपग्रहांची ताजी माहिती फोन नेटवरूनच उचलतो, म्हणून निळा ठिपका चटकन दिसतो. नेट नसेल तर हीच माहिती उपग्रहाकडून, फार सावकाश उतरते. सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटं लागतात. जागा सापडायला एवढं थांबावं लागत नाही, पण बरेच महिने बंद असलेला फोन पहिल्यांदा दोन-चार मिनिटं घेतो. म्हणून घाट सुरू झाल्यावर नव्हे, घरून निघतानाच लोकेशन चालू करावं.

टॅबलेट वापरायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: फक्त वायफायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. मोठा पडदा आहे म्हणून जुना वायफाय आयपॅड गाडीत लावलात, तर शहराबाहेर ठिपका जागचा हलणार नाही.

दुसरी पायरी: नकाशा आधीच उतरवून ठेवा

गूगल मॅप्समध्ये हवा तो भाग निवडून ऑफलाइन उतरवता येतो. तो अधूनमधून अपडेट करावा लागतो, नाहीतर मुदत संपते. ऑफलाइन असताना ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते दिसत नाहीत, पण वळणं बरोबर सांगतो. जुन्या फोनमध्ये जागा कमी असेल तर ऑर्गॅनिक मॅप्स बघा. हे ॲप ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालतं. जाहिराती नाहीत आणि सगळं ऑफलाइन. गावातल्या वाड्यावस्त्या, पायवाटा त्यात कधीकधी जास्त चांगल्या मिळतात, पण दुकानाचं नाव टाकून शोधायला ते तोकडं पडतं. मॅपमायइंडियाचं मॅपल्स हे देशी ॲपही ठेवून पाहा. फ्लायओव्हरवर चढायचं की खालून जायचं हे ते जंक्शनचं चित्र काढून दाखवतं. पुण्या-मुंबईत गाडी चालवणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

तिसरी पायरी: होल्डर आणि चार्जर

साधारण तीनशे ते आठशे रुपयांत चांगला होल्डर मिळतो. काचेला चिकटणारे सक्शनचे होल्डर उन्हाळ्यात सुटतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात गाडी उन्हात उभी करणाऱ्यांनी ते घेऊच नयेत. एसीच्या जाळीला अडकवायचा, आतून हुक असलेला होल्डर घ्या. एसीची हवा पाठीला लागत असल्याने फोनही तापत नाही. तापलेला फोन आधी पडदा मंद करतो आणि मग चार्जिंग थांबवतो. नेमकी तेव्हाच वळणं सुरू झालेली असतात. जड फोनसाठी नुसता चुंबकाचा होल्डर नको, खड्ड्यात फोन खाली येतो.

चार्जर १८ वॅट किंवा त्याहून जास्तीचा घ्या. गाडीतल्या मूळ यूएसबी पोर्टचा करंट बऱ्याचदा इतका कमी असतो, की मॅप चालू असताना चार्जिंगला लावलेला फोनही उतरत जातो.

एक कायद्याची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना फोन वापरता येतो तो फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. पत्ता टाकायचा तो गाडी उभी असताना टाका आणि फोन होल्डरमध्येच राहू द्या.

चौथी पायरी: स्टिरिओच बदलायचा असेल तर

जुन्या गाडीतला रेडिओ बंद पडलाय, रिव्हर्स कॅमेराही हवाय, अशा वेळी स्टिरिओ घेण्यात अर्थ आहे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड, कुठेही गेलात तरी साधारण एकच वाक्य ऐकू येतं: "साहेब, नऊ इंच, चार जीबी, अँड्रॉइड तेरा, लाइफटाइम जीपीएस." यातल्या 'लाइफटाइम जीपीएस'ला फारसा अर्थ नाही. उपग्रहाचा संकेत सगळ्यांना फुकटच असतो.

बाकीचे आकडेही डोळे झाकून घेऊ नका. स्वस्त चिनी बोर्डांवर सेटिंगमध्ये दिसणारी अँड्रॉइडची आवृत्ती आणि रॅम खोटी दाखवण्याचा प्रकार सर्रास चालतो. आत जुनी, संथ चिप असते आणि 'अबाउट'मध्ये मात्र नवा आकडा. सेटिंग वाचत बसण्यापेक्षा दुकानातच असं करून बघा. मॅप चालू करा, एखाद्या गावाचा मार्ग लावा. मागे गाणं चालू ठेवा. मग रिव्हर्स गिअर टाकायला सांगा. कॅमेऱ्याचं चित्र लगेच आलं, गिअर काढल्यावर मॅप होता तिथेच परत आला आणि गाणं अडखळलं नाही, तर बोर्ड ठीक आहे. पडदा काळा होऊन दोन-तीन सेकंद विचार करत बसला, तर दुकानदार कितीही जीबी सांगो, तो स्टिरिओ सोडून द्या. डेमोचा सेट दुकानाच्या पत्र्याखाली असेल तर उपग्रह पकडणार नाही, आणि "इथे रेंज नाही" हे उत्तर तिथे खरंही असतं. म्हणून फिटिंगनंतर गाडी रस्त्यावर आणून, जागा पक्की झाल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. पडदा दुपारच्या उन्हातही एकदा पाहा. दुकानात लखलखीत दिसणारा पडदा उन्हात पार फिका पडतो.

मला विचाराल तर स्टिरिओत स्वतःचा मॅप असण्यापेक्षा अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले (फोनवरचे ॲप गाडीच्या पडद्यावर दाखवायची सोय; पहिली अँड्रॉइडसाठी, दुसरी आयफोनसाठी) नीट चालणं जास्त महत्त्वाचं. मग नकाशा, ट्रॅफिक, शोध हे सगळं तुमच्या फोनचं आणि स्टिरिओ फक्त मोठा पडदा. फोन बदलला की सगळं आपोआप नवं होतं. तुमच्या गाडीत कंपनीचा टचस्क्रीन असेल, तर त्यात अँड्रॉइड ऑटो आहे का ते आधी बघा. बऱ्याच जणांनी केबल कधी जोडूनच पाहिलेली नसते.

फिटिंगबद्दल दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. तुमच्या मॉडेलची फ्रेम आणि कपलर (गाडीच्या मूळ वायरींना न कापता जोडायचा प्लग) किमतीत धरलेत का, हे विचारा. नाहीतर स्टिरिओ आठ हजारांचा आणि वर फ्रेम, कपलर, मजुरी वेगळी. दुसरं, "वायर कापायची नाही, कपलर लावूनच बसवा" हे स्पष्ट सांगा. वायर कापली की कंपनीचं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत खुसपट काढतं. जीपीएसचा अँटेना म्हणजे लांब वायरीला लावलेला छोटा चौकोनी तुकडा. काही फिटर तो डॅशबोर्डाच्या आत कुठेतरी कोंबून टाकतात. तो काचेजवळ, वर आकाश दिसेल असा आणि डॅशकॅमपासून दूर बसवून घ्या. बऱ्याच स्वस्त डॅशकॅममुळे जीपीएसच्या संकेतात गोंगाट होतो.

पाचवी पायरी: जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय?

ओएलएक्सवर जुने गार्मिन किंवा मॅपमायइंडियाचे सेट अजून दिसतात. अमेरिकेतला भाचा जाताना आपलं गार्मिन ठेवून जातो, असंही होतं. त्या सेटमध्ये तिकडचा नकाशा असतो, भारताचा नाही. मॉडेलच्या नावापुढे 'एलएम' असेल तर नकाशाचे अपडेट आयुष्यभर फुकट, पण ते त्याच प्रदेशाचे. हौशी माणूस ओपनस्ट्रीटमॅपचा भारताचा नकाशा मेमरी कार्डवर टाकून ते चालवू शकतो. हौस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

विकत घेण्याआधी नकाशा किती जुना आहे, हे दोन मिनिटांत कळतं. शिवडीहून चिर्ल्याचा मार्ग लावा. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. यंत्र वाशीवरून फिरवून नेत असेल, तर नकाशा त्याआधीचा. नाशिककडे जाणाऱ्यांनी समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा बघावा. तो ५ जून २०२५ ला सुरू झाला. 'धाराशिव' किंवा 'अहिल्यानगर' टाकून बघा. जुन्या नकाशाला फक्त उस्मानाबाद आणि अहमदनगर माहीत असतं.

तारीखही बघा. जीपीएसमधली आठवड्यांची मोजणी १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते, आणि अशी वेळ ६ एप्रिल २०१९ ला आली होती. त्यानंतर अपडेट न मिळालेली काही यंत्रं सुमारे वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. तारीख चुकलेलं यंत्र म्हणजे कंपनीने वाऱ्यावर सोडलेलं यंत्र. त्याशिवाय बॅटरी फुगलेली नाही ना, पडदा नखाने दाबल्याशिवाय ऐकतो ना, जुनी मिनी यूएसबी केबल सोबत आहे ना, हेही तपासा. एवढं सगळं बघूनही हजार-पंधराशेच्या वर देऊ नये असं माझं मत.

समोरासमोर भेटल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. "मी लष्करात आहे, बदली झाली, कुरिअरचे पैसे आधी टाका" ही फसवणूक जुनी आहे, तरी अजून चालते.

सहावी पायरी: भाव कसा पाडायचा

ऑनलाइन मोठे सेल दसरा-दिवाळीच्या आधी येतात. तिथे खोडून दाखवलेल्या एमआरपीकडे बघूच नका. ॲमेझॉनवर असाल तर कीपा या, तिथल्या किमतींची नोंद ठेवणाऱ्या साइटवर त्या वस्तूच्या किमतीचा आलेख पाहा. सेलच्या आधी भाव चढवून मग 'साठ टक्के सूट' दिलेली असेल तर लगेच दिसतं. बँकेच्या कार्डाची सूट मात्र खरी असते. ती धरून भाव काढा आणि त्यात जवळच्या दुकानातली फिटिंगची मजुरी मिळवा. कारण ऑनलाइन घेतलेला स्टिरिओ बसवताना दुकानदार मजुरी वाढवून सांगतो, आणि काही बिघडलं तर "माल आमचा नाही" म्हणून हात वर करतो. तुमच्या गाडीत फिटिंग किचकट असेल, तर हजारभर रुपये जास्त देऊन दुकानातूनच घेतलेलं बरं.

दुकानात घासाघीस करायची तर स्टिरिओच्या किमतीवर फार वेळ घालवू नका. त्या भावात रिव्हर्स कॅमेरा आणि फ्रेम टाकायला सांगा, तिथे मार्जिन जास्त असतं. गुढीपाडव्याच्या, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात विचारलंत तर अजून बरं. ऐन सणाच्या दिवशी नव्या गाड्यांची रांग असते आणि फिटर घाईत असतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर वॉरंटीचे महिने लिहून घ्या. बिलाशिवाय दिलेली सूट वॉरंटीच्या वेळी महागात पडते. दुकानदार किंवा वेबसाइट दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

लावल्यावर

पहिल्या लांबच्या प्रवासाआधी ओळखीच्या रस्त्यावर चालवून पाहा. एक्स्प्रेसवेच्या बोगद्यात ठिपका थांबणार, तो यंत्राचा दोष नाही. बाहेर आल्यावर काही सेकंदांत तो जागेवर यायला हवा. 'सर्वात जवळचा रस्ता' हा पर्याय घाटमाथ्यावर बंदच ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री मॅपच्या भरवशावर अकोले तालुक्यात कोतूळजवळच्या पुलावर गेली. तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता आणि त्यात चालकाचा जीव गेला. दरवर्षी काही महिने तो पूल पाण्याखाली असतो हे गावात सगळ्यांना माहीत होतं, नकाशाला नव्हतं. पावसाळ्यात वरंध घाट बऱ्याचदा वाहतुकीला बंद करतात, तेही मॅपवर वेळेवर येईलच असं नाही. अशा ठिकाणी रात्री रस्ता ओस दिसू लागला, तर शेवटच्या चहाच्या टपरीपर्यंत मागे या आणि "हा रस्ता पुढे चालू आहे का?" असं विचारून मगच पुढे निघा.