फोनवर लिहिलं, कॉम्प्युटरवर सापडलं: नोंदींचं ॲप कसं निवडावं

‘टॉप टेन नोट्स ॲप’ छापाच्या व्हिडिओंत रंग, टेम्प्लेट आणि एआय यांची आरती ओवाळलेली असते. रताळ्याच्या हंगामात बेळगावच्या मार्केट यार्डात उभ्याउभ्या फोनवर टिपलेला दर संध्याकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर जसाच्या तसा दिसेल का, हे त्यात कुणी सांगत नाही. ॲप निवडायचं ते या एका प्रश्नावर.

उमेदवार तीनच घ्या. गूगल कीप, वननोट आणि जॉप्लिन. कीप यादीला आणि चार ओळींच्या टिपणाला उत्तम, पण कॉम्प्युटरवर ते ब्राउझरमध्येच चालतं, म्हणजे नेट गेलं की कॉम्प्युटरकडून अपेक्षा सोडायची. वननोट लांबलचक मजकूर, फोटो आणि हाताने खरडलेलं सगळं पोटात घेतं. सगळं वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या साठवणीत ठेवतं, तिथं फुकटात ५ जीबी मिळतात. जॉप्लिन फुकट आणि मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. त्याच्या नोंदी तुमच्या कॉम्प्युटरवरही राहतात, आणि ने-आण करायला ड्रॉपबॉक्स (तीही नेटवरची साठवण) किंवा वनड्राइव्ह तुम्ही स्वतः जोडून द्यायचं. ड्रॉपबॉक्सचं फुकट खातं तीनच उपकरणांना चालतं, हे आधीच मोजून घ्या. एव्हरनोट मी यादीत घेत नाही. डिसेंबर २०२३ पासून त्याच्या फुकट खात्यात ५० नोंदी आणि एकच वही. तेवढ्या नोंदी दुकानदाराच्या एका महिन्यालाही पुरत नाहीत.

तिन्ही फोनवर आणि कॉम्प्युटरवर टाका, लॉगिन करा. यात सांगण्यासारखं काही नाही.

आता खरी परीक्षा. लोक काय करतात, घरी वायफायवर बसून फोनवर ‘हॅलो’ लिहितात, कॉम्प्युटरवर ‘हॅलो’ उमटतं आणि ‘सिंक झकास आहे’ म्हणून मोकळे होतात. यातून काहीही सिद्ध होत नाही. जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघालात की मध्येच फोनची दांडी गायब होते. तुम्ही तिकडे रानात बसून नोंद बदलता आणि त्याच वेळी दुकानात बसलेला मुलगा तीच नोंद कॉम्प्युटरवर बदलतो. संध्याकाळी दोन्ही प्रती समोरासमोर येतात तेव्हा ॲप काय करतं, यावर सगळा खेळ आहे.

म्हणून परीक्षा अशी घ्या. ‘चाचणी’ नावाची एक नोंद करा, तीत लिहा: ‘भात ५ पोती’. दोन्हीकडे दिसली की फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि कॉम्प्युटरचंही नेट काढा. फोनवर ५ चे ७ करा. कॉम्प्युटरवर त्याच ओळीत ५ चे ९ करा. ओळ तीच हवी. वेगवेगळ्या ओळी बदलल्यात तर परीक्षा सोपी होते आणि नापास व्हायचं ॲपही पास होतं. आता आधी कॉम्प्युटरचं नेट जोडा, थोडं थांबा, मग फोनचं. काय उरलं ते बघा. मग सगळं उलट क्रमाने पुन्हा करा, कारण पुष्कळदा आधी कोण जोडलं यावर निकाल फिरतो.

जॉप्लिन अशा वेळी एक प्रत ‘कॉन्फ्लिक्ट्स’ नावाच्या वेगळ्या वहीत काढून ठेवतं. दिसायला कटकट, पण ७ ही हातात आणि ९ ही हातात. वननोट दोन्ही बदल जुळवायचा प्रयत्न करतं आणि जमलं नाही तर वादाचं पान दाखवतं. कीपची परीक्षा तुमच्याच फोनवर घ्या (ते ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून कॉम्प्युटरचं नेट तेवढं चालू ठेवा), आणि दोन आकड्यांतला एक गुपचूप नाहीसा झाला तर उधारीचा हिशोब तिथं ठेवू नका. किराणा यादीपुरतं ते राहू द्या. मध्येच विचारणारं ॲप परवडतं, न विचारता पुसणारं नाही. इथं मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

नोंदींची सवयही बदला. ‘हिशोब’ नावाची एकच लांबलचक नोंद, तीत वर्षभर भर घालत राहायची, ही पद्धत टक्कर ओढवून घेते. प्रत्येक फेरीची नवी नोंद करा आणि शीर्षकात तारीख व गाव टाका: ‘नंदगड, ४ जून, खत’. नवी नोंद कुणाशी भांडत नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चालणारी ॲप बंद पाडली जातात. सेटिंगमध्ये जाऊन या ॲपपुरतं ते बंधन काढा. तरीही महत्त्वाचं काही लिहिलं की ॲप लगेच बंद करू नका. सिंक झाल्याची खूण दिसेपर्यंत उघडं ठेवा.

पुढची अडचण खास मराठीची आहे, आणि इंग्रजी परीक्षणं वाचून ती कधीच कळणार नाही. ‘शेतकऱ्याला’ हा शब्द फोनवर टाइप केलात आणि कॉम्प्युटरवर टाइप करून शोधलात, तरी सापडेलच असं नाही. डोळ्याला शब्द एकच, पण आतली अक्षरं वेगळी. काही कीबोर्ड नुक्त्याचा ‘ऱ’ घालून त्याला हलंत जोडतात, काही साधा ‘र’ आणि हलंत देऊन मागे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. ‘ॲडव्हान्स’मधल्या ‘ॲ’चंही तसंच: युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या सामाईक संकेतात, तो एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि ‘अ’वर चंद्र चढवूनही होतो. आकडेही तपासा, ‘१२’ लिहून ‘12’ शोधाल तर बहुतेक हाती काही लागणार नाही. प्रत्येक ॲपमध्ये हे तीन शोध दोन्ही बाजूंनी करून बघा. जमत नसेल तर उपाय गावठी आहे पण चालतो: शोधायचा शब्द शीर्षकात असा ठेवा ज्यात ही अक्षरं नाहीत. ‘शेतकऱ्याला’ ऐवजी ‘शेतकरी’, ‘ॲडव्हान्स’ ऐवजी ‘उचल’. आकडे कायम एकाच लिपीत.

आपल्या बेळगावकडे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि त्यावर काय लिहायचं ते आपण मराठीत लिहितो. उताऱ्याचा फोटो नोंदीत चिकटवा, पण ॲप फोटोतली कन्नड अक्षरं वाचून शोधून देईल या भरवशावर राहू नका. फोटोखाली हाताने मराठीत टाका: गाव, सर्व्हे नंबर, कुणाच्या नावे. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर नोंदीत चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून मागा.

बँकेचे पिन आणि पासवर्ड यांत ठेवू नका. जॉप्लिनमध्ये एन्क्रिप्शनची, म्हणजे नोंदी कुलूपबंद करण्याची सोय आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते.

शेवटी बाहेर पडायची वाट बघा. कीपच्या नोंदी गूगल टेकआउटमधून, म्हणजे गूगलमधला आपला मजकूर उतरवून घ्यायच्या सोयीतून निघतात, जॉप्लिनच्या साध्या मजकुराच्या फायलींत. पहिल्या आठवड्यातच एकदा सगळं बाहेर काढा, फाइल उघडा, मराठी अक्षरं नीट दिसतात का बघा. मग उरलेली दोन ॲप फोनवरून काढून टाका आणि दुकानात ज्याच्या हाती कॉम्प्युटर आहे त्यालाही नवं ॲप उघडायला लावा.