ओल्या मातीत जॅक लावताना

ताम्हिणीच्या आतल्या कच्च्या वाटेवर मागचं डावं चाक पंक्चर. पाऊस नुकताच उघडला होता. गाडी उचलायची सोडून जॅकच मातीत रुतायला लागला. डिकीतली जाड सागवानी फळी खाली दिली, मग तो ठरला.

उंच उभ्या दांड्याचा हाय-लिफ्ट जॅकही सोबत होता, पण तिरप्या जागी त्याचा मला भरवसा नाही. बाटलीच्या आकाराचा, तेलाच्या दाबावर चालणारा बाटली जॅक थेट अ‍ॅक्सलखाली, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली घेतला. चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली लावला तर स्प्रिंगा सुटत राहतात, चाक जमीन सोडतच नाही.

टू-व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे इंजिन फक्त मागच्या दोन चाकांना जोडलेलं असताना, एक मागचं चाक हवेत गेलं की डिफरन्शिअलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) गिअर गाडी धरत नाही. म्हणून फोर-लो (चारही चाकं इंजिनला जोडणारा हळू गतीचा टप्पा), पहिला गिअर, हँडब्रेक आणि उताराच्या बाजूने चाकांना दगडाची उटी. नट आधीच सैल केले. स्टेपनी चासीखाली आडवी सरकवली, जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकावी म्हणून.