भाकरीचेही कार्ब मोजायचे असतात: शुगरवाल्यांनी ताटाचा हिशोब कसा लावायचा

शुगर निघाली की घरात पहिली कुऱ्हाड चहावर पडते. चहातली साखर बंद, कोणी पेढा पुढे केला तर "नको, मला शुगर आहे", आणि मग तोच माणूस जेवायला बसतो तेव्हा तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी, वर वाटीभर भात, आणि दोन तासांनी रक्तातली शुगर मोजायच्या मीटरवर २४० बघून म्हणतो मी तर गोड काहीच खाल्लं नाही! आता हिशोब करा. चहाचा एक चमचा साखर म्हणजे ४-५ ग्रॅम कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, ज्यात साखर आणि स्टार्च दोन्ही आले. वरचं जेवण जातं ११०-१२० ग्रॅमच्या घरात. पोटात गेल्यावर पोळीतल्या आणि भातातल्या स्टार्चचंही ग्लुकोजच होतं, त्यामुळे साखर सोडली हे चांगलंच केलं पण खरं काम ताटात आहे.

तर सुरुवात वजनकाट्यापासून करा, किचनमध्ये वापरायचा साधा डिजिटल काटा चालतो. कणीक मळायच्या आधी कोरडं पीठ मोजायचं, पोळ्या किती झाल्या ते बघायचं आणि भागायचं, बस. ३० ग्रॅम पिठाची पोळी असेल तर साधारण २० ग्रॅम कार्ब. काही घरांत पोळी ४० ग्रॅमची निघते, मग "मी दोनच खातो" याला काही अर्थ राहत नाही. भात शिजल्यावर मोजा, १०० ग्रॅम भातात २८ च्या आसपास कार्ब. कांदेपोहे, कोरडे पोहे ६० ग्रॅम घेतले तर ४५ च्या पुढे जातात, आणि नाश्ता म्हणून कोणी ते मनावर घेत नाही. रोज मोजत बसायची गरज नाही हो, आठवडाभर मोजलं की नजरेला अंदाज येतो.

आता भाकरी. "पोळी सोडून भाकरी खा, शुगरला चांगली" हे आपल्याकडे शेजारच्या काकूंपासून सगळे सांगतात आणि त्यात तथ्य आहेच, पीठ अख्ख्या धान्याचं, फायबर असतो, पोट भरतं. पण ज्वारीच्या पिठातले कार्ब गव्हाच्या पिठाच्या जवळपासच असतात, बाजरी जरा कमी, नाचणी परत तितकीच. आणि भाकरी थापली जाते ५०-६० ग्रॅम पिठाची! म्हणजे एका भाकरीत ३५-४० ग्रॅम, जवळजवळ दोन पोळ्या. भाकरी खुशाल खा, माझंही मत भाकरीच्या बाजूनेच आहे, फक्त दोन भाकऱ्या खाऊन पथ्य पाळलं असं समजू नका. नाचणीच्या पेजेने तर शुगर अजून लवकर चढते, पातळ आणि शिजलेली असते ना.

एका जेवणात किती कार्ब घ्यायचे? बरेच डाएटिशियन ४५ ते ६० ग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतात, पण वजन, काम, गोळ्या यावर ते बदलतं, म्हणून तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. गरोदरपणात किंवा किडनीचा त्रास असेल तर वेगळंच गणित असतं. आणि हे महत्त्वाचं, तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर डॉक्टरांना न विचारता एकदम पोळी-भात तोडू नका, डोस तोच आणि जेवण अर्धं झालं की शुगर खाली पडते.

कमी केलेल्या पोळीच्या जागी काय, तर मटकीची उसळ, पिठलं, अंडी, मासे, पनीर, पालेभाजी, दही, काकडीची कोशिंबीर. उसळीतही कार्ब असतात, वाटीला १५ धरा, पण सोबत प्रोटीन आणि फायबर असल्याने चढ सावकाश होतो. आणि क्रम बदलून बघा. पंगतीत आपण वरणभाताने सुरू करतो, मग पोळी, मग परत मसालेभात, शेवटी ताकभात. हे उलटं करायचं, आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा अंडं, पोळी आणि भात शेवटी, तेवढ्याने सुद्धा जेवणानंतरचा आकडा खाली येतो. जेवल्यावर १५ मिनिटं चाललात तर आणखी.

तुमच्यासाठी काय चालतं हे मीटरच सांगेल. जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा तपासा. बहुतेकांना जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत ठेवायला सांगतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, आज भात अर्धा केला तर बाकी ताट कालचंच ठेवा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आणि हात धुऊन पुसून मगच टोचा, बोटाला आंब्याचा रस असेल तर रीडिंग उगाच भरमसाठ येतं.

आंब्यावरून आठवलं, आंबा बंद करायची गरज बहुतेकांना नसते. मध्यम हापूसच्या गरात २० ग्रॅमच्या आसपास कार्ब धरा, म्हणजे एक पोळी. तर ती पोळी काढा आणि अर्धा किंवा एक आंबा फोडी करून खा. आमरस-पुरी हा वेगळा विषय आहे, वाटीत दोन-तीन आंबे, त्यात कोणी साखरही घालतं, वर पुऱ्या मोजायच्या नसतात असा घरचा नियम!

गुळाचं पण तेच. गुळात दर १०० ग्रॅमला ८५ च्या आसपास कार्ब, मधात ८०. नैसर्गिक असला तरी रक्तात ग्लुकोजच. आमटीतला सुपारीएवढा खडा सगळ्यांत वाटला जातो, त्याची काळजी नको, पण गुळाचा चहा आणि "गुळाचे आहेत" म्हणून चार लाडू, हे सोडा. पाकिटावर "नो ॲडेड शुगर" दिसलं तरी मागे उलटून एकूण कार्बोहायड्रेट वाचा, मैद्याची बिस्किटं साखरेशिवायही कार्बच असतात.

उपवासाला खरी गंमत होते, एकादशी दुप्पट खाशी. साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८७ च्या आसपास कार्ब आणि प्रोटीन जवळपास शून्य, त्यात खिचडीत बटाटा, सोबत रताळ्याचा कीस, दुपारी खजूर. करायचाच असेल तर भगर थोडी आणि शेंगदाण्याची आमटी भरपूर, राजगिऱ्याची भाकरी, ताक, दाण्याचं कूट घातलेली खमंग काकडी असं ताट लावा. खिचडी हवीच असेल तर लहान वाटी आणि दही. निर्जळी वगैरे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाच, त्या गोळ्यांवर उपाशी राहिलं की शरीरात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढायचा धोका असतो.

आता उलट बाजू. हातपाय थरथरले, घाम आला, तपासलं तर ७० च्या खाली, अशा वेळी कार्बचा हिशोब बाजूला ठेवायचा. १५ ग्रॅम ग्लुकोज लगेच, म्हणजे पाण्यात तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर, १५ मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर परत तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटने उशीर लागतो. तुमच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलंय का ते आजच बघा, असेल तर साधी साखर लवकर काम करत नाही कारण ती फुटायचा वेगच गोळीने कमी केलेला असतो, त्यांनी ग्लुकोजच घ्यायचं, मेडिकलमध्ये मिळतं, एक पुडी पिशवीत आणि एक घरच्यांना माहीत असेल अशा जागी. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ १०८ ला फोन.