सॉफ्ट फोकसचा स्वप्नाळू फोटो घरच्या घरी कसा काढायचा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, सॉफ्ट फोकस म्हणजे ब्लर नाही. डोळे, पापण्या, गजऱ्यातल्या कळ्या सगळं शार्पच पाहिजे, फक्त उजळ भागांभोवती दुधाळ उजेड पसरलेला दिसला पाहिजे. फोकस चुकलेल्या फोटोत ती मजा येतच नाही.

म्हणून सुरुवात उजेडापासून. मी आजीचा फोटो तुळशीपाशी सकाळी काढला, ऊन तिच्या पाठीमागून येत होतं आणि मागची भिंत सावलीत, त्यामुळे पांढऱ्या केसांची एकेक बट पेटल्यासारखी दिसत होती, आता असा उजेड असला की अर्धं काम तिथंच होतं. ढगाळ दिवशी हाच प्रयोग नुसता मळकट दिसतो.

माझी आवडती पद्धत म्हणजे बायकांचा पातळ नायलॉनचा स्टॉकिंग. काळाच घ्या, पांढऱ्याने सावल्यापण उजळतात आणि फोटो धुरकट होतो. एकच थर लेन्सवर ताणून रबरबँड लावा, जास्त ताणलात तर इफेक्ट हलका, सैल सोडलात तर जास्त. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ 2.8 किंवा 4 ठेवा, फार बंद केलंत तर जाळीची नक्षी उमटू शकते. ऑटोफोकस गोंधळला तर सरळ मॅन्युअलवर जा आणि डोळ्यावर फोकस करा.

व्हॅसलीन लावायचं असेल तर लेन्सवर कधीच नाही हां, स्वस्तातला यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे बसवायची साधी काच) घ्या आणि त्याच्या कडेकडेने अगदी पातळ लावा, मधे रुपयाएवढी जागा कोरी सोडा. बोट ज्या दिशेने फिरवाल त्याच्या काटकोनात उजेडाचे फटकारे पसरतात, हे करून बघाच. मोबाईलवाल्यांनी लेन्सवर हलकेच हाऽ करून वाफ धरायची आणि ती उडेपर्यंत पटापट फोटो घेत राहायचे, त्यातला एखादा भन्नाट निघतो.

फोटो आधीच काढून झालाय? मग ऑर्टन इफेक्ट. कॅनडाचे मायकेल ऑर्टन 1980 च्या दशकात एकाच दृश्याच्या दोन ओव्हरएक्स्पोज (जास्त उजेड घेतलेल्या) स्लाइड, म्हणजे पारदर्शक फिल्म, एक शार्प आणि एक ब्लर, एकमेकींवर ठेवायचे. आपण गिम्प किंवा फोटोशॉप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोची लेयर (थर) डुप्लिकेट करायची, वरच्या लेयरला गॉशियन ब्लर 20-30 पिक्सेल, ब्लेंड मोड स्क्रीन (खालच्या फोटोत मिसळून उजळ करणारा), ओपॅसिटी (लेयर किती गडद दिसेल ते) 30 टक्क्यांच्या आत. मग त्या लेयरला मास्क (हवा तो भाग झाकायची सोय) लावून डोळ्यांवरचा ब्लर मऊ ब्रशने पुसून टाका. त्वचेवरचा राहू दे.