पीएस2 मध्ये मॉडचिप लावताय? सोल्डरिंगच्या या चुका टाळा

मॉडचिप म्हणजे प्लेस्टेशन 2 (पीएस2) च्या बोर्डावर सोल्डर करायची छोटी चिप, ती डिस्कचं लॉक चुकवते. आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू, कारण निम्म्या लोकांना चिपची गरजच नसते. होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्राम चालवायचेत एवढंच असेल तर बऱ्याच पीएस2 वर फ्री मॅकबूट (असे प्रोग्राम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं मेमरी कार्ड पुरतं, सोल्डरिंग आयर्न गरम करायची गरजच नाही. अगदी शेवटच्या काही स्लिममध्ये (पातळ मॉडेलमध्ये) ते चालत नाही तो भाग वेगळा. आणि कायद्याचं पण बघा, आपल्याकडे 2012 पासून कॉपीराइट कायद्यात 65ए कलम आलंय, कॉपी मारायच्या इराद्याने लॉक तोडला तर तो गुन्हा आहे. तरी हौस म्हणून, किंवा जपानहून आणलेल्या स्वतःच्या डिस्क चालवायला जुन्या फॅटमध्ये (जाड मॉडेलमध्ये) चिप बसवायचीच असेल तर पुढचं वाचा.

सगळ्यात कॉमन चूक सोल्डरिंगच्या आधीच होते. कुठली वायर कुठे लावायची त्याचा डायग्राम लोक चुकीचा घेतात. बाहेरून सगळे फॅट सारखेच काळे डबे दिसतात पण आतला बोर्ड वेगळा असतो, 50000 मॉडेल नंबरच्या सिरीजमध्ये व्ही9 आवृत्तीचा बोर्ड पण असतो आणि व्ही10 चा पण, आणि तुम्ही व्ही9 चा डायग्राम घेऊन व्ही10 वर वीस वायरी लावल्या की मग बसा शोधत. मागचा स्टिकर बघून ठरवू नका, खोलून बोर्डावर जीएच ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो तो बघा आणि मगच डायग्राम डाउनलोड करा. आणि खोलताना समोरच्या रीसेट-इजेक्ट बटणाची जी पातळ पट्टी असते ना, ती खेचू नका. वरचं झाकण एकदम उचललं की ती फाटते आणि मग लोक म्हणतात चिपमुळे मशीन मेली! चिप तर अजून पाकिटातच असते.

फॅटचा पॉवर सप्लाय पण आतच असतो, म्हणजे 230 व्होल्ट थेट डब्यात. प्लग काढा आणि थोडा वेळ थांबा, मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

आता आयर्न. आपल्याकडे घरात जी दोन पिनची 25 वॉटची जाड बिटवाली असते ती रेडिओच्या वायरीला ठीक आहे, इथे नको. टेम्परेचर सेट करता येणारी, अर्थिंगवाली तीन पिनची घ्या, 320 ते 350 डिग्री पुरे. सोल्डर वायर 63/37 ची, ती 183 डिग्रीला एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे गार होताना वायर हलून ड्राय सोल्डर (कच्चा जोड) व्हायचा चान्स कमी. आणि फ्लक्स म्हणून ते पत्रे-नळ जोडायचं अॅसिडवालं काही लावू नका प्लीज, सहा महिन्यांनी ट्रॅक हिरवे पडतात. रोझिन किंवा नो-क्लीन फ्लक्स घ्या, काम झालं की आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रश मारून साफ करा.

वायर 30 गेजची, आत एकच तार असलेली. इथे लोकांना वाटतं जाड म्हणजे मजबूत. उलट आहे. जाड वायर कडक असते, ती थोडी जरी वाकली तरी सगळा जोर पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या सोल्डर करायच्या तांब्याच्या टिकलीवर येतो. माझ्या मामेभावाच्या मशीनवर मी हेच केलं होतं, बायोस चिपच्या (मशीन सुरू करणारा प्रोग्राम जिच्यात असतो ती) पायाशेजारच्या पॉइंटवर जुन्या हेडफोनची वायर लावली, सोल्डर मस्त चमकत होतं, मी खूश, आणि दुसरी वायर लावताना हाताचा धक्का लागला तर पहिली वायर वर आली आणि तिच्या टोकाला तांब्याची बारीक टिकली लटकत होती, तोच तो पॅड. मग ट्रॅकवरचं हिरवं कोटिंग ब्लेडने खरवडून तिथून जंपर (जोडवायर) मारला, त्यात पूर्ण रविवार गेला आणि मामी जेवायला हाका मारून दमली.

आयर्न टेकवायची ती दोन सेकंद, फार तर तीन. नाही चिकटलं तर उचला, फ्लक्स लावा, गार होऊ द्या, परत करा. दाबून धरून काही होत नाही, पॅड जातो फक्त. आणि आधी वायरीच्या टोकाला सोल्डर लावून घ्या, पॉइंटवर पण थोडं, मग नुसतं टेकवलं की बसतं.

सगळं झाल्यावर लगेच चालू करू नका राव. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक वायर आणि तिच्या शेजारच्या दोन पायांमध्ये बघा, बीप आला तर शॉर्ट. चिपचा व्होल्टेज पॉइंट आणि ग्राउंडमध्ये तर आधी बघा, बहुतेक चिप 3.3 व्होल्टवर चालतात आणि तिथे शॉर्ट असेल तर बोर्डावरचा बारका फ्यूज उडतो. लाल लाइट पण येत नसेल तर आधी तो फ्यूज चेक करा.

हिरवा लाइट येतो पण स्क्रीन काळी? बहुतेक वेळा बायोसकडच्या वायरी, एखादी चुकीच्या पायावर किंवा दोन एकमेकींना चिकटलेल्या. उघडं असताना चालतं आणि स्क्रू लावले की बंद पडतं, हा तर क्लासिक, पत्र्याच्या शील्डखाली वायर चेपतेय, वाट बदला आणि मध्ये कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी इन्सुलेशन टेप) लावा.

स्लिमवाल्यांनी जरा जास्त जपा. 70000 सिरीजमध्ये चिप लावल्यावर लेझर जळाल्याच्या तक्रारी खूप आहेत, म्हणून जाणकार लोक लेझर फिक्स (लेझर वाचवणारं छोटं सर्किट) पण सोबत लावतात. पहिलाच प्रयोग असेल तर स्लिमला हात नका लावू, भंगारातला एखादा मेलेला बोर्ड आणून त्यावर वीस-तीस वायरी लावून बघा आधी.