घाट बसून चढायचाय? मग आधी पुढचे दाते मोजा

सिंहगडाला सायकल घेऊन गेलेल्यांना हे माहीत असेल, गोळेवाडीचा नाका मागे पडला की थोड्याच वेळात गिअर पुरतोय की नाही ते पायच सांगतात. अंगठा लिव्हर दाबतोय पण पुढे काही पडत नाही, कारण सगळ्यात हलका गिअर कधीच पडलेला असतो, आणि पाय मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेऱ्यांवर अडकलेले. मी दोन वर्षं असाच चढलो. घरी आलो की गुडघ्याच्या वाटीखाली ठणका, जिना उतरताना कठड्याला धरून उतरायचो, आणि मनात एकच की आपला स्टॅमिना कमी पडतोय, अजून प्रॅक्टिस पाहिजे. स्टॅमिना ठीक होता हो, पुढची चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) ३२ दात्यांची होती आणि मागचा सगळ्यात मोठा दाता (मागच्या एकेका चकतीलाच आम्ही दाता म्हणतो) ४२ चा, एवढंच. पुढे २८ टाकली आणि त्याच महिन्यात तो घाट पहिल्यांदा पूर्ण बसून चढलो.

म्हणून नवीन कोणी माउंटन बाईक घेतली आणि चढ जमत नाही म्हणाला तर मी आधी त्याला दाते मोजायला सांगतो. चेनरिंगवर आकडा बहुतेक कोरलेला असतो, ३० टी, ३२ टी असा (टी म्हणजे दाते), ग्रीसखाली दडलेला असतो म्हणून फडक्याने पुसून बघा. नसेल तर एका दात्यावर मार्करने ठिपका द्या आणि गोल मोजत या. मागच्या कॅसेटचा (चाकावरच्या चकत्यांचा गठ्ठा) फक्त सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा दाता लागतो, मधल्यांचं आत्ता काम नाही.

आता पुढचे दाते भागिले मागचे दाते. ३२ भागिले ४२ म्हणजे ०.७६, म्हणजे पायडल एक पूर्ण फिरलं की मागचं चाक पाऊण फेरी फिरतं. २९ इंची चाकाला सव्वादोन इंची टायर असेल तर एका फेरीत चाक साधारण २.३ मीटर जातं, तर एका पायडलला तुम्ही पावणेदोन मीटर पुढे. चाकाचा घेर पाठ करायची गरज नाही, व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूने रेघ मारा, सायकलवर बसून (बसूनच, वजनाने टायर दबतो) एक फेरी पुढे जा, व्हॉल्व्ह परत खाली आला की दुसरी रेघ, मधलं अंतर टेपने मोजा. साडेसत्तावीसच्या चाकाला साधारण २.२ येईल.

इथपर्यंत सगळे सांगतात, पुढचं फार कोणी सांगत नाही आणि खरं काम तिथेच आहे. "चढाला ३० बरी की ३२" हा प्रश्नच अर्धवट आहे, कोणाच्या पायांना आणि कुठल्या चढाला ते आधी ठरवा. तुमच्या मोबाइल ॲपमध्ये जुन्या राइड असतील, त्यातला एखादा लांब चढ काढा आणि बघा तासाला किती मीटर उंची चढलात. समजा ५०० मीटर आली, नियमित चालवणाऱ्याची साधारण तेवढी येते, कमी आली तरी काही बिघडत नाही, जी येईल ती घ्या, स्वतःची घ्या. आता १० टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १० मीटर वर, तर ५०० मीटर चढायला ५ किलोमीटर रस्ता, म्हणजे त्या चढावर तुमचा टिकणारा वेग ताशी ५ किलोमीटर. मिनिटाला ८३ मीटर. पायडल मिनिटाला निदान ६० वेळा फिरावं असं धरलं तर एका फेरीला १.३९ मीटर. त्याला चाकाच्या २.३ ने भागा, ०.६० येतं. हा तुमचा आकडा. मागचा सगळ्यात मोठा दाता ४२ असेल तर पुढे २५ हवेत, ४६ असेल तर २८, ५० असेल तर ३०. झालं.

आणि उलटा हिशोब करून बघा म्हणजे माझ्या गुडघ्याचं काय होत होतं ते कळेल. ८३ भागिले १.७५, सत्तेचाळीस. मिनिटाला सत्तेचाळीस फेऱ्या, प्रत्येक फेरीला पाय जणू दगड ढकलतोय. वेग वाढवला की फेऱ्या वाढतात पण मग ताकद तेवढी लागते आणि ती पाच मिनिटांत संपते. हलक्या गिअरने तुम्ही जोरात जात नाही, पण तुमच्या टिकणाऱ्या वेगाला पाय नीट फिरतात, म्हणून वरपर्यंत पोचता.

माझ्या ४२ ला हिशोबाने २५ आली, एवढी लहान माझ्या क्रँकला (पायडल लागतात तो दांडा) बसतच नाही म्हणून २८ टाकली, तिने फेऱ्या ५४ वर आल्या, आणि नंतर कॅसेट झिजली तेव्हा मागे ११-४६ (छोटा दाता ११, मोठा ४६) घेतली, आता बरोबर ६० बसतात. (मागे मोठी कॅसेट घेताना डिरेलर, म्हणजे साखळी एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तेवढा दाता झेलतो का ते आधी विचारा, नाहीतर वरची पुली दात्यावर घासते.)

चढाची टक्केवारी घेताना पूर्ण घाटाची सरासरी घेऊ नका, त्यात मधले सपाट तुकडे मिसळतात. सलग तीन-चारशे मीटर टिकणारा सगळ्यात उभा तुकडा घ्या. पन्नास मीटरचा खडा चढ उभं राहून मारता येतो, त्यासाठी गिअर निवडायचा नसतो. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट घ्या, वाई साधारण ७१८ मीटरवर, पाचगणी १,२९३ वर, मध्ये बाराएक किलोमीटर, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. तिथे त्याच पायांचा वेग ताशी १० होतो आणि ३२ ची रिंग अगदी आरामात चालते, मागचा मोठा दाताही लागत नाही. त्यामुळे पसरणी चढून आलेला माणूस "३२ पुरते रे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, पण सिंहगडाला मधले तुकडे दहा टक्क्यांच्या पुढे जातात आणि तिथे त्याचा सल्ला चालत नाही. राजगड-तोरण्याच्या बाजूच्या कच्च्या वाटांना तर नाहीच, मुरूम आणि सुटे दगड असले की त्याच चढाला अजून ताकद जाते, तिथे हिशोबापेक्षा पुढे दोन दाते कमी धरा.

लहान रिंगला लोक घाबरतात ते सपाटीवर मागे राहू म्हणून. हेही मोजून टाकू. २८ पुढे आणि ११ मागे, मिनिटाला ९० फेऱ्या, ताशी साधारण ३१-३२ किलोमीटर. ३२ ला तोच वेग ३६. जाड टायरच्या माउंटन बाईकवर खडकवासल्याहून परत येताना तुम्ही खरोखर किती वेगाने येता? माझा पंचवीसच्या आसपास असतो आणि तो २८-१४ वर निघतो, खाली अजून गिअर शिल्लक राहतात. घाट उतरताना पायडल मारायचंच नसतं, ब्रेक सांभाळायचा असतो.

फार लहान रिंगचा त्रास वेगळा आहे. एका पायडलला सव्वा मीटरच्या खाली गेलात की वेग इतका पडतो की तोल सांभाळता येत नाही, मुरमावर मागचं चाक जागेवर घसरतं आणि पुढचं हलकं होऊन उचलतं. सीटच्या टोकावर सरकून, कोपर खाली घेऊन ते आवरता येतं, पण त्याच्या खाली जायची हौस करू नये असं माझं मत.

विकत घ्यायच्या आधी क्रँक नीट बघा, इथे पैसे वाया जातात. रिंग चार बोल्टवर असेल तर शेजारच्या दोन बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, साडेत्र्याहत्तर मिलीमीटर आलं तर ती १०४ बीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मिलीमीटरमध्ये). तिला ३२ सहज बसते, ३० खास बनवलेली मिळते, त्याखाली जागाच नाही. २८ किंवा २६ हवी तर डायरेक्ट माउंट क्रँक लागतो, म्हणजे रिंग सरळ क्रँकवरच बसणारी. त्यातही ऑफसेट असतो, म्हणजे रिंग फ्रेमच्या बाजूला किती आत सरकलेली ते. मला एका दुकानातून ६ मिलीमीटरची दिली, माझी सायकल बूस्टची (मागचा हब जरा रुंद असतो ती), तिला ३ ची हवी होती, दिसायला दोन्ही सारख्याच, पण मागच्या छोट्या दात्यांवर साखळी तिरकी होऊन सतत करकर. ती परत घेतली नाही कोणी. जुन्या रिंगच्या मागे काय लिहिलंय त्याचा फोटो काढून न्या. पुढे एकच रिंग असेल तर दाते एक जाड एक बारीक असेच घ्या, त्याने साखळी निसटत नाही, आणि १२ स्पीड (मागे बारा चकत्या) असेल तर तुमच्या साखळीला जुळते ना ते विचारा.

पुढे तीन रिंगवाली सायकल असेल तर तुम्ही नशीबवान आहात, विकायची घाई करू नका. ४२-३२-२२ आणि मागे ३४ असेल तर २२ भागिले ३४, ०.६५, म्हणजे नवीन महागड्या सायकलींच्या ३२-५० च्या जवळपास तोच गिअर. स्वस्तातल्या सात स्पीडच्या सायकलींना पुढे ४२-३४-२४ रिव्हेट मारून बसवलेले असतात, ती रिंग सुटी निघत नाही. तिथे पुढे हात घालूच नका, मागचा १४-२८ फ्रीव्हील (या सायकलींचा चकत्यांचा गठ्ठा) काढून १४-३४ टाका, ०.८६ वरून थेट ०.७१ वर येता आणि खर्च पूर्ण क्रँकपेक्षा खूप कमी. फक्त डिरेलर लांब पिंजऱ्याचा (दोन पुल्या धरणारा भाग लांब असलेला) पाहिजे.

बसवताना पुढे चार दाते कमी केले तर साखळी साधारण दोन कड्यांनी लांब होते. मागे सगळ्यात छोटा दाता टाकून बघा, खालची साखळी लोंबत असेल किंवा डिरेलरच्या पिंजऱ्याला स्वतःच घासत असेल तर दोन कड्या काढा. मोठी रिंग टाकत असाल तर उलट, मागचा सगळ्यात मोठा दाता हाताने हळूच टाकून बघा साखळी ताणून तुटायला आलीय का, ही तपासणी स्टँडवरच करा, चढावर ताकद लावून केली तर डिरेलर हँगरसकट (तो फ्रेमला अडकवणारा तुकडा) चाकात जातो. बोल्ट क्रँकवर लिहिलेल्या टॉर्कने (किती जोराने आवळायचं तो आकडा) आवळा, पन्नासेक किलोमीटर झाले की परत एकदा बघा, नवीन रिंगचे हमखास थोडे सैल पडलेले असतात. मग तोच जुना चढ, तीच पाण्याची बाटली आणि बॅग घेऊन चढा, आणि सगळ्यात उभ्या तुकड्यावर घड्याळ लावून उजव्या पायाच्या फेऱ्या अर्धा मिनिट मोजा. तीस आल्या तर रिंग बरोबर आहे.