लंडनच्या रस्त्यावर गाणारे नवापूरचे क्वायर: तयारी कशी कराल

आपल्या नवापूर, नंदुरबारकडच्या मंडळीतलं क्वायर (चर्चमध्ये गाणारा गट) लंडनला जाणार असेल तर तिकिटाआधी जागेचं बघा, कारण तिकडे सगळीकडे नियम सारखे नाहीत. मध्य लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या काही भागांत 2021 पासून रस्त्यावर गायला लायसन लागतं आणि ठरलेल्या जागीच उभं राहायचं, स्पीकर लावायचा तर कुठे चालतो तेही आधीच विचारून घ्या.

व्हिजिटर व्हिसावर रस्त्यावर गाऊन कमाई चालत नाही, म्हणून समोर टोपी किंवा डबा ठेवू नका, कोणी नोट पुढे केली तरी हात जोडून नको म्हणा.

आता खरी गोष्ट, आवाज. चर्चमध्ये भिंती आवाज परत देतात, रस्त्यावर तो वाऱ्यावर जातो आणि शेजारच्याचा सूरसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून निघण्याआधी आठवडे बाजाराच्या कडेला उभं राहून प्रॅक्टिस करा, माईकशिवाय, अर्धगोलात, अल्टो (बायकांचा खालचा सूर) आणि बेस (पुरुषांचा खालचा सूर) वाले मधोमध. मला तर हीच तयारी सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेटी जड होते, ढोलक न्या. एक तरी गाणं अहिराणीत किंवा मावचीत म्हणाच, लोक थांबतात ते अनोळखी चालीला, आणि आपल्या बोलीतली स्तुती तिथे ऐकू जावी असं मनापासून वाटतं.

डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, थंडी बोचते, गळ्याला मफलर आणि थर्मासमध्ये कोमट पाणी हवंच. कोणाच्या मागे लागून पत्रकं देऊ नका, जो थांबेल त्याच्याशी बोला.